जोडीचं माप

रोज सकाळी कामाला निघण्याआधी एवारिस्तो मोन्तेयानो आपल्या ट्रकच्या मागे जाऊन वाकायचा, सायलेन्सरच्या नळीत करंगळी घालायचा आणि आतून एकदा फिरवून बाहेर काढायचा. बोटाला राखाडी लागलं तर समाधानानं हुंकार द्यायचा, काळं लागलं तर ओठ मुडपायचा. मग मागच्या खिशातल्या रुमालाच्या एका कोपऱ्याला बोट पुसून गाडीत बसायचा. त्याची बायको आम्पारो हिनं ते रुमाल तेहेतीस वर्षं धुतले. डाग कधी पुरता गेला नाही. "बाकीच्यांचे नवरे रुमालाला नाक पुसतात," ती शेजारणींना सांगायची, "आमचे ट्रकचं पुसतात."

त्यांची एकुलती एक मुलगी देल्फिना लहानपणी त्याच ट्रकमधून शाळेत जायची. सातवीत गेल्यावर ती शाळेच्या एक गल्ली अलीकडे उतरायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, चालायला बरं वाटतं. एवारिस्तोनं पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आपणहूनच त्या कोपऱ्यावर गाडी थांबवू लागला. हे तिला फार वर्षांनी आठवायला लागलं, आणि एकदा आठवायला लागल्यावर ते थांबेना.

व्हिटियर बुलेवारवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पूर्व लॉस एंजेलिसमध्ये, त्याचं सायलेन्सरचं दुकान होतं. एका अंगाला तोर्तियांची भट्टी, दुसऱ्या अंगाला चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी लहान मुलींचे पांढरे फ्रॉक शिवणारी बाई. ती दिवसातून दोनदा तरी दारात येऊन ओरडायची, "मोन्तेयानो, माझ्या जाळीवर काजळी बसतेय! पोरी काय चिमणीतून देवाला भेटायला जाणारेत?" एवारिस्तो टोपी काढून माफी मागायचा, दार अर्धं ओढून घ्यायचा, आणि तासाभरात ते पुन्हा उघडलेलं असायचं.

एकोणीसशे पंचावन्न ते बासष्ट ही त्याची खरी वर्षं. गल्लीतल्या पोरांना गाडी जमिनीला पोट घासेल इतकी खाली हवी असायची. कुणी मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तापवून नरम करायचं, कुणी डिकीत वाळूची पोती टाकायचं. जुन्या शेव्हरोलेचं सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन एवारिस्तो त्याचा धूर मधोमध वाटायचा, तीन इकडे आणि तीन तिकडे, आणि मागे दोन नळ्या काढायचा. त्यातून जो आवाज यायचा तो दुसऱ्या कुठल्या इंजिनातून येत नाही. घसा बसलेल्या माणसानं हळू आवाजात भांडावं तसा.

तेव्हा नळ्यांना नावं असायची. दाराखालून गाडीच्या कडेनं जाणाऱ्या लांब नळ्या 'तळ्याच्या', कारण गोऱ्यांची पोरं वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर शर्यती लावत, तिथून त्या आल्या. मागच्या चाकाला वळसा घालून बंपरखालून लवत येणाऱ्या 'बेलफ्लावर', शहराच्या खालच्या अंगाला असलेल्या त्याच नावाच्या गावच्या. ही नावं सगळ्या कॅलिफोर्नियाला ठाऊक होती. एवारिस्तोच्या दुकानातली नावं मात्र त्याच गल्लीत जन्मलेली. टोकाला पसरत जाणारी रुंद नळी म्हणजे 'पाद्र्याची बाही'. चढावर खालच्या पट्टीत हुंदका देणारा सायलेन्सर 'विधवा'. कशालाच न जोडलेली, नुसती शोभेला दाराखाली लावलेली चकचकीत नळी, जिच्यातून धूर कधी यायचाच नाही, ती 'सोन्याचा दात'. पेडलवरचा पाय काढला की खो खो खोकणारा सायलेन्सर 'तेरेसा आत्या', आणि ही तेरेसा आत्या खरोखरची होती, एवारिस्तोच्या बापाची बहीण, तीन घरं पलीकडे राहणारी. आपल्या नावाचा सायलेन्सर गल्लीतून गेला की ती खिडकीतून हात हलवायची.

"उस्ताद, मला विधवा पाहिजे," एखादा पोरगा दारात येऊन म्हणायचा.

"तुझ्या आईला विचारलंस का?" एवारिस्तो गाडीखालूनच.

पण त्याचं नाव झालं ते मापामुळे. सगळं जोडून झालं की शेवटी दोन्ही नळ्यांची टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर आणायची, हा सायलेन्सरवाल्याच्या कामाचा शेवटचा हात. बाकी दुकानांत हे माप रिकाम्या गाडीवर घेत. एवारिस्तोला ते पटायचं नाही. रिकामी गाडी कोण चालवतं? चालवणारा डावीकडे बसतो. तेव्हा पुढची सीट म्हणजे एक सलग बाकडं असायचं, आणि ज्याची कुणी असेल ती खिडकीशी बसायची नाही, मधे सरकून त्याच्या अंगाला अंग लावून बसायची. दोघांचं ओझं एकाच बाजूला. गाडी तेवढी डावीकडे कलते, डावी नळी तेवढी खाली जाते. शनिवारी संध्याकाळी बुलेवारवरून संथ जाणाऱ्या गाडीकडे मागून बघणाऱ्याला दोन्ही नळ्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत, एवढंच एवारिस्तोचं म्हणणं होतं. म्हणून त्याचा नियम असा, की मापाच्या दिवशी पोरीला घेऊन यायचं.

"नीट बसा," तो फरशीवर आडवा पडून सांगायचा. "चर्चमध्ये बसता तसं नको. बुलेवारवर बसता तसं."

आतून खिदळणं ऐकू यायचं. गाडी किंचित हलायची. मग तो पट्टी लावून, पाणसळ धरून खडूनं खूण करायचा. दोघं उतरली की डावी नळी बोटभर वर उचलली जायची. उभ्या गाडीच्या नळ्या म्हणून वाकड्या दिसायच्या, आणि त्या तशा दिसल्या की बघणाऱ्याला कळायचं, हे मोन्तेयानोचं काम. याला गल्लीत म्हणायचे 'जोडीचं माप'.

ज्यांचं कुणी नव्हतं त्यांची पंचाईत व्हायची. चुई बारिएन्तोस एकदा राजम्याचं पोतं घेऊन आला आणि त्यानं ते आपल्या शेजारी मधे बसवलं.

"ही कोण?" एवारिस्तोनं विचारलं.

"आहे एक. लाजाळू आहे."

"गप्प बसते, हे बरं आहे. लग्न कर हिच्याशी. उपाशी तरी मरणार नाहीस."

आया यायच्या, त्या वेगळ्याच कामाला. "माझा लेक म्हणतो मी एकटाच फिरतो. तुम्हीच माप घेतलंत ना? नळी काय म्हणते?"

"सेन्योरा, पाद्री कबुलीजबाब बाहेर सांगतो का? मग मी तरी कसा सांगू?"

पण आयांना काही सांगावं लागत नसे. त्या घरी जाऊन फाटकासमोर उभ्या गाडीमागे उकिडव्या बसायच्या आणि डावी नळी कितीशी वर आहे ते आपलं आपण बघून घ्यायच्या.

लालो उर्किदी आणि नेना यांचं माप सत्तावन्न सालचं. लालो गाद्यांच्या कारखान्यात कामाला होता, एवारिस्तोचा जुना मित्र. गाडी पन्नासची शेव्हरोले, मागून उतरत गेलेल्या पाठीची, रंग फिका हिरवा. नेना तेव्हा अठराची, वाऱ्यानं उडेल इतकी बारीक. त्या दिवशी माप तीनदा घ्यावं लागलं, कारण दर वेळी खूण करून झाली की ती लालोकडे आणखी थोडी सरकायची.

"पोरी, अजून किती सरकणारेस? माझा खडू संपला."

"तुम्ही नळीकडे बघा," नेना आतून म्हणाली.

पुढं त्यांचं लग्न झालं, मुलगा झाला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून एवारिस्तोनं त्याला हातावर घेतलं. तेव्हापासून नेना त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोम्पाद्रे. गाडी तीच राहिली. लालो ती पावसात काढायचा नाही.

मग धुराचे कायदे आले. गाडी विकताना धुराची तपासणी सुरू झाली, धूर गाळणारी डबडी आली. विधवा बेकायदा, तेरेसा आत्या बेकायदा. एक्याऐंशी साली एवारिस्तोनं दुकान बंद केलं आणि एका मोठ्या गॅरेजात नोकरी धरली. तिथं सायलेन्सर खोक्यात यायचे आणि खोक्यावर आकडा असायचा. तिथला पोरगेला मॅनेजर त्याला म्हणायचा, "एव्ह, पाचशे चौदा लाव." बापाला एव्ह म्हणताना देल्फिनानं एकदा ऐकलं. एवारिस्तो तर 'येस सर' म्हणाला. चौदा वर्षं तो तिथं खोकी उघडत राहिला.

सायलेन्सरवाल्याचं काम आतून गंजतं. सुताराचं कपाट नातवंडं वापरतात, गवंड्याची भिंत राहते. एवारिस्तोनं आयुष्यभरात वाकवलेल्या नळ्यांपैकी पंचाण्णव सालापर्यंत जवळजवळ सगळ्या भंगारात गेल्या होत्या. आम्पारो गेली होती, तेरेसा आत्या तर कधीचीच. लालोही गेला, आणि त्याच्या मुलानं, एवारिस्तोनं हातावर घेतलेल्या त्याच मुलानं, गाडी पासादेनाच्या एका दातांच्या डॉक्टरला विकून टाकली.

देल्फिना सरकारी कचेरीत जन्माच्या नोंदी करायची. रोज चाळीस-पन्नास नावं तिच्या हातून कागदावर चढायची, दोन तासांपूर्वी जन्मलेल्यांचीसुद्धा. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं वर्तमानपत्रात जुन्या गाड्यांच्या मेळाव्याची बातमी वाचली आणि सोबतच्या फोटोत तिला ती हिरवी शेव्हरोले दिसली. मागून काढलेला फोटो होता. डावी नळी बोटभर वर. फोटोखाली लिहिलं होतं, 'सायलेन्सर: हार्लन व्हॉस, बेलफ्लावर, १९५७'.

हा व्हॉस त्या काळातला नावाजलेला कारागीर. मासिकांतून त्याचे फोटो यायचे. आता तोही हयात नव्हता, आणि त्या भागातली कुठलीही चांगली नळी दिसली की जाणकार लोक ती त्याच्या नावावर लावत. त्यात कुणाचा वाईट हेतू होता असं नाही. त्यांना दुसरं नाव ठाऊकच नव्हतं.

देल्फिनानं डॉक्टरला पत्र लिहिलं. डॉक्टर प्रुएट यांचं लगेच उत्तर आलं, अगदी सभ्य. त्यांना आनंदच होता. फक्त गाडीशेजारची पाटी बदलायची तर परीक्षकांची खात्री पटायला हवी, कारण तोच मजकूर पुढं मेळाव्याच्या पुस्तकात छापला जाणार. वडिलांना घेऊन या.

"कशाला?" एवारिस्तो म्हणाला. "ज्यांना ठाऊक होतं ते गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यावाचून माझं काय अडलंय?"

"अपा, एकदा तरी कुठं तुमचं नाव छापून येऊ दे."

"येईल की. थडग्यावर छापतातच."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठं करतोय, मिहा?" मुलीला तो 'मिहा', माझी पोर, म्हणायचा.

पण शुक्रवारी तो न सांगता न्हाव्याकडे जाऊन आला, हे तिच्या लक्षात आलं.

मेळाव्याच्या मैदानावर सप्टेंबरचं ऊन होतं. चकचकीत गाड्यांच्या रांगा, प्रत्येकीभोवती मखमली दोर, आत कुणी बसायचं नाही. एवारिस्तो हळूहळू चालत होता, हात पाठीमागे बांधून. एका निळ्या गाडीमागे थांबून त्यानं पाटी वाचली, मग देल्फिनाला म्हणाला, "याला हे काय म्हणतात बघ. 'रुंद मुखाची नळी'. पाद्र्याची बाही म्हणायला यांचं काय जातं?"

हिरव्या शेव्हरोलेजवळ डॉक्टर प्रुएट उभे होते, साठीच्या आतबाहेरचे, हसरे. त्यांनी एवारिस्तोचा हात दोन्ही हातांत घेतला. परीक्षक उंच होता, हातात फळी आणि कागद. तो नळ्यांसमोर वाकला होता.

"ह्या सरळ नाहीत," तो म्हणाला. "व्हॉसच्या नळ्या केसभरही इकडे-तिकडे नसत. म्हणजे एक तर ह्या त्याच्या नाहीत, किंवा नंतर कुणीतरी बिघडवल्यात."

"त्याच्या नाहीतच," देल्फिना म्हणाली. "माझ्या वडिलांच्या आहेत. आणि मुद्दाम तशा आहेत."

"मुद्दाम वाकड्या?"

दोराभोवतीचे दोघं-चौघं हसले. देल्फिनाचे कान तापले. तिनं जोडीचं माप समजावून सांगितलं. सांगताना तिला जाणवलं की गल्लीत जे सांगावंच लागायचं नाही ते इथं इंग्रजीत सांगितलं की बालिश वाटतंय. परीक्षक ऐकत मात्र नीट होता. शेवटी त्यानं खांदे उडवले.

"मग बसून दाखवा. मी स्वतः माप घेतो."

याची तिला कल्पना होती. म्हणूनच तिनं नेनाला बोलावलं होतं. नेना आता साठीची होती, फार काही बदलली नव्हती, अजून तशीच किडकिडीत. जांभळट रंगाचा पोशाख, केस पार्लरमधून सेट करून घेतलेले. लालो गेल्यापासून तिनं ती गाडी पाहिली नव्हती. दोराच्या आत आल्यावर तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

एवारिस्तो गाडीच्या मागच्या कोपऱ्याजवळ गेला होता. त्यानं पंजा पत्र्यावर ठेवला, जोरानं खाली दाबला, आणि सोडला. देल्फिनाला वाटलं, कुरवाळतोय. मग तो तिच्याजवळ आला आणि स्पॅनिशमध्ये हळूच म्हणाला, "मिहा, जाऊ दे. घरी जाऊ."

"आता? अपा, एवढं सगळं जमून आलंय."

"घरी जाऊ, म्हटलं."

"घाबरू नका. फक्त बसायचंय."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग नेनाकडे. नेनानं दार उघडलं होतं. "कोम्पाद्रे, येताय ना? की खडू शोधताय?"

एवारिस्तोनं टोपी काढली आणि चालवणाऱ्याच्या जागी बसला. नेना दुसऱ्या दारानं आत शिरली आणि बाकड्यावरून सरकत मधे आली, त्याच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. दोघांनी समोर पाहिलं. परीक्षक गुडघ्यांवर बसला, पट्टी लावली, पाणसळ धरली. देल्फिना पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघत होती.

बुडबुडा हलला नाही.

परीक्षकानं पुन्हा माप घेतलं. मग तो उठून गुडघे झटकत म्हणाला, "काहीच फरक नाही. रिकामी होती तेवढीच वर आहे."

"आणखी जवळ बसा म्हणावं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि या वेळी बरेचजण हसले. डॉक्टर प्रुएट हसले नाहीत. ते दुसरीकडे बघू लागले.

आत नेनाला इंग्रजी धड ऐकू आलं नव्हतं. तिनं मान वळवून विचारलं, "झालं का बरोबर, कोम्पाद्रे?"

"झालं, कोमाद्रे," एवारिस्तो म्हणाला. "अगदी एका रेषेत."

घरी येताना देल्फिना गाडी चालवत होती. ती म्हणाली, "माप तेव्हाच चुकलं होतं का?"

"पाटे नवीन घातलेत," तो म्हणाला. "ट्रकचे असावेत, इतके कडक. हत्ती बसला तरी ती गाडी लवायची नाही. दाबून बघितली मी."

"बसायच्या आधी?"

"हं."

"आणि बोलला नाहीत?"

"घरी जाऊ म्हटलं ना."

"पाटे बदललेत हे सांगायचं होतं! मी त्यांना सांगितलं असतं. तोंडावर पडलो आपण, अपा!"

एवारिस्तो खिडकीबाहेर बघत होता. "नेनानं केस सेट करून घेतले होते," तो म्हणाला.

देल्फिनानं परीक्षकाला पाट्यांबद्दल पत्र लिहिलं, दोन पानी. उत्तर आलं चार ओळींचं: जुने पाटे दुरुस्तीच्या वेळी भंगारात गेले आहेत, त्यामुळे पुन्हा पडताळा शक्य नाही, कळावे. तिनं ते पत्र कचेरीत सगळ्यांसमोर फाडलं आणि मग तुकडे गोळा करून पर्समध्ये ठेवले.

नोव्हेंबरात डॉक्टर प्रुएट यांचा फोन आला. नळ्या असमान म्हणून गाडीचे गुण कापले गेले होते, पहिला क्रमांक थोडक्यात हुकला होता. फेब्रुवारीत दुसरा मेळावा होता. डावी नळी खाली आणून सरळ करून घ्यायची होती. "तुमच्या वडिलांना या कामाची जाण आहे," ते म्हणाले. "त्यांनी केलं तर मला फार बरं वाटेल." त्यांच्या आवाजात खरोखरच आदर होता. त्यामुळे देल्फिनाला ओरडताही येईना.

"नाही म्हणून सांगितलंय मी," तिनं जेवताना सांगितलं.

एवारिस्तोनं तोर्तियाची घडी ताटात ठेवली. "परत फोन लाव. येतो म्हणावं."

"अपा, तुमचं एवढं एकच काम शिल्लक आहे. सगळ्या जगात एक."

"म्हणून तर. दुसरा कुणी करायला घेईल तर गॅसच्या ज्योतीनं कापेल. क्रोम निळं पडेल. सांधा दिसेल."

"पडू दे निळं! त्यांना ते वाकडंच वाटतं."

"मला काय वाटतं ते बघ ना," एवारिस्तो म्हणाला.

पासादेनाचं ते गॅरेज एखाद्या दवाखान्यासारखं पांढरं होतं. एवारिस्तोनं फरशीवर पुठ्ठा अंथरला आणि एकोणसत्तराव्या वर्षी गाडीखाली शिरला. त्यानं हॅकसॉ स्वतःचा आणला होता. करवतीचा आवाज बारीक आणि सारखा येत राहिला. तो दमला की आवाज थांबे, आणि पुन्हा सुरू होई. देल्फिना भिंतीला टेकून उभी होती. डावी नळी सुटली तेव्हा तिच्यातून थोडी सुकी काजळी पुठ्ठ्यावर सांडली. त्यानं कापलेल्या कडा कानशीनं घासल्या, नळी बोटभर खाली घेतली, सांधा जोडला, आणि पट्टी लावून माप घेतलं. रिकाम्या गाडीवर. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाहेर यायला त्याला वेळ लागला. देल्फिनानं हात दिला. दोन्ही नळ्या एका रेषेत होत्या, आणि सांधा कुठं आहे ते शोधूनही सापडत नव्हतं.

"अप्रतिम," डॉक्टर प्रुएट म्हणाले. "आणि तुमच्यासाठी एक गंमत आहे." ते आत गेले आणि काचेत बसवलेली नवी पाटी घेऊन आले. देल्फिनानं ती वाचली. सगळं व्यवस्थित छापलं होतं, आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर.

'सायलेन्सर: हार्लन व्हॉस यांच्या पद्धतीचा, १९५७. डाव्या नळीतील मूळ दोषाची दुरुस्ती: एवारिस्तो मोन्तेयानो, १९९९.'

"पुस्तकातही हेच येईल," डॉक्टर म्हणाले. ते आनंदात होते. देल्फिनाचं तोंड उघडलं होतं, पण तिच्या दंडावर बापाचा हात आला. एवारिस्तोनं चष्मा लावून पाटी सावकाश वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि डॉक्टरचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. झोपेतच गेला असावा, असं तपासायला आलेला डॉक्टर म्हणाला. अंत्यविधीला नेना आली. तिनं देल्फिनाला जवळ घेऊन सांगितलं, तुझ्या बापाचं माप शेवटपर्यंत बरोबर निघालं हो, मी स्वतः बसले होते. देल्फिनानं मान डोलावली. लोक विचारत होते, शेवटी काही बोलले का? देल्फिना सांगायची, काही नाही. सांगण्यासारखं खरंच काही नव्हतं.

आदल्या संध्याकाळी पासादेनाहून परतताना हमरस्त्यावर गर्दी होती. ती संतापानं बोलतच होती, त्या डॉक्टरबद्दल, त्या पाटीबद्दल, मूळ दोष म्हणजे काय, उद्या मी वकिलाकडे जाते. एवारिस्तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. त्यांच्यापुढे एक जुनी मोठी गाडी काळा धूर सोडत सरकत होती. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"जरा अंतर ठेव, मिहा," तो म्हणाला. "आणि काच वर घे. धूर आत येतोय."